दाण्याला लावलेलं एरंडेल

दुसरा नमुनाही नापास झाला तेव्हा मी मोबाईल आपटला नाही. पहिल्या वेळी आपटला होता, त्याची काच अजून तडकलेलीच होती. त्याऐवजी मी शेडबाहेर पडले, उसाच्या बांधापर्यंत चालत गेले आणि आसपास कुणी नाही असं बघून मोठ्यानं दोन शिव्या हासडल्या. उसाला पाणी भरणाऱ्या माणसानं वाफ्यातून मान वर काढून बघितलं. म्हणजे धड शिवी द्यायलासुद्धा जागा नाही.

मी वृषाली. देवळाली प्रवऱ्यात आमची ठिबकच्या नळ्या बनवायची छोटी फॅक्टरी आहे. ती दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी उभी केली. मी पॉलिमर शिकले, सात वर्षं पुण्यात नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी परत आले ते डोक्यात एकच खूळ घेऊन. न्यूट्रॉन अडवणारी प्लॅस्टिकची शीट बनवायची.

नगरच्या एका नव्या कॅन्सर हॉस्पिटलात रेडिएशनचं मोठं मशीन बसणार होतं. असल्या जोरदार मशीनमधून क्ष-किरणांबरोबर थोडे न्यूट्रॉनही सुटतात. क्ष-किरणांना शिसं अडवतं. न्यूट्रॉन मात्र शिशातून स्वतःच्या घरात शिरल्यासारखा आरपार जातो. कुणाला समजावून सांगताना मी गोट्यांचं उदाहरण देते. गोटी धोंड्यावर मारली तर ती तशीच उलटी उडते, जोर कमी होत नाही. तिच्याच मापाच्या दुसऱ्या गोटीवर मारली तर जोर त्या दुसरीला जातो आणि पहिली जागच्या जागी थंड पडते. न्यूट्रॉनच्या मापाची गोटी म्हणजे हायड्रोजन, आणि प्लॅस्टिकमध्ये तो ठासून भरलेला असतो. न्यूट्रॉन असा दमला की मग बोरॉन त्याला गिळून टाकतो. म्हणून प्लॅस्टिकच्या दाण्यात बोरॉनची काळी पावडर मिसळायची, साच्यात तापवून दाबून शीट करायची आणि ती त्या खोलीच्या जाड दारात बसवायची, बाहेर बसलेल्या माणसांच्या रक्षणासाठी. सांगायला एवढं सोपं.

शीट परराज्यातून मागवायची असं हॉस्पिटलच्या समितीचं जवळजवळ ठरलं होतं. मी हातापाया पडून तीन नमुन्यांची संधी मागून घेतली. तिन्हींतला एक पास झाला तर दार आमचं. नाहीतर विषय संपला.

हा हट्ट आईपायी होता. आईला रेडिएशनसाठी तेहतीस दिवस रोज पुण्याला न्यावं लागलं. पहाटे निघायचं, दहा मिनिटं मशीनखाली झोपायचं, संध्याकाळी परत. शेवटी शेवटी ती म्हणायची, "दुखण्यापरीस रस्ताच लई झाला गं." आई राहिली नाही. त्या तेहतीस दिवसांत मी रोज त्या बंद दारासमोर बसून असायचे, आणि एकदा तिथल्या माणसाला विचारलं होतं की हे दार एवढं जाड का, आत काय भरलंय. हे खूळ तिथून लागलं.

तर दोन नमुने गेले, आणि दोन्हींचं दुखणं एकच. तपासणारे शीटवर नऊ ठिकाणी मोजतात. एका बाजूनं न्यूट्रॉन सोडायचे आणि पलीकडं शंभरातले किती पोचले ते बघायचं. विसाच्या वर गेलं की नापास. आमच्या शीटवर सात-आठ ठिकाणी चौदा-पंधरा, अगदी झकास, आणि एका कोपऱ्यात एकतीस. म्हणजे पावडर सगळीकडं सारखी बसत नव्हती. पहिल्या वेळी मी प्रेस चालवणाऱ्या सहादेवला धारेवर धरलं. त्यानं बिचाऱ्यानं प्रेसचे चारही कोपरे लेव्हल लावून दाखवले. दुसऱ्या वेळी मी मिक्सरचा ड्रम बदलला. कोपरा तसाच उपाशी.

मिक्सिंगवर आमच्याकडं कलामावशी आहे. अकरा वर्षं झाली तिला. दुसरा निकाल आला त्या दुपारी ती ड्रमवर हात ठेवून म्हणाली, "ताई, मी पहिल्या दिशीच म्हनले हुते. दाना हाय गुळगुळीत. त्यो भुकटी धरीतच न्हाई. ड्रम वतताना आधी नुसता दाना येतो आन् भुकटी समदी मागं ऱ्हाती."

"म्हणून तर ड्रम जास्त वेळ फिरवायचाय, मावशी."

"जास्त फिरवून आनखी खालीच बसंल ती. सुपात घोळल्यावर खडं येगळं व्हत्यात का न्हाई? थोडं एरंडेल लाव की. गव्हाला लावतो तसं."

मी हसले. सहादेवही हसला, पण तो मी हसले म्हणून.

आपल्याकडं उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरताना दाण्याला एरंडेल चोळतात, कुणी वर बोरिक पावडर लावतं, म्हणजे कीड लागत नाही. हे घराघरात चालतं. पण ही काय गव्हाची कोठी होती? "मावशी, हा हॉस्पिटलच्या दाराचा माल आहे," मी म्हणाले. "इथं एक-एक ग्रॅम मोजून काम चालतं."

"मोज बाई. मोजलेली भुकटी कोपऱ्यात जाईना, एवढंच म्हनते मी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तिसरा नमुना गुरुवारी पुण्याजवळच्या तपासणी केंद्रात पोचवायचा होता. मंगळवारी मला कागदांवर शिक्का घ्यायला राहुरीला जावं लागलं. जाताना दोघांना बजावलं, मिक्सिंग ठरल्याप्रमाणं एक तास, मग साचा भरून प्रेसला लावा, मी तोवर येतेच. ज्याचा शिक्का हवा होता ते साहेब जेवायला गेले होते. ते इतका वेळ जेवले की मला वाटलं स्वयंपाकही तेच करत असावेत. तीन तासांनी परत आले तर शेडच्या दारातच वास आला. एरंडेलाचा.

शीट नुकतीच साच्यातून काढली होती. वर तेल सुटून ती तळलेल्या पापडासारखी चकाकत होती. मी बोट टेकवलं, ते सर्रकन घसरलं. ड्रमशेजारी मावशीनं घरून आणलेली एरंडेलाची बाटली आणि शेडमधलीच स्टीलची वाटी. बाटली अर्धी झालेली.

मग माझं टाळकं सरकलं.

"कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं? या शीटवर लोखंडी पत्रा चिकटवायचा असतो, मावशी! तेलावर काय चिकटणार, माझं नशीब? परवा माल द्यायचाय आणि तू इथं गहू भरायला बसलीस! डोकं गहाण ठेवलंय का? अडाणी ते अडाणीच!"

नळीच्या मशीनवरची चार माणसंही वळून बघायला लागली. कलामावशीनं तोंडावरचा मास्क काढला, तिच्या खिळ्याला अडकवला, नळावर हात धुतले. एरंडेल पाण्यानं जातंय होय? तेलकट हात तिनं पदराला पुसले.

"वाटी तुमची हाय. धुऊन ठिवलीया," ती म्हणाली, बाटली पिशवीत घातली आणि निघून गेली. मला कधी नव्हे ते 'तुमची' म्हणाली.

दादा शेडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले, "अकरा वर्सांची बाई हाय ती, वृषाली."

"अकरा वर्षं झाली म्हणून चुका करायचा परवाना मिळत नाही," मी म्हणाले. दादा पेपर वाचायला लागले. त्यांचा राग असाच असतो, पेपरामागं.

बुधवारी मिक्सिंगला मी स्वतः उभी राहिले. ड्रम एक तासाऐवजी दोन तास फिरवला. शीट अशी देखणी निघाली की सहादेवनं तिच्यात आपला चेहरा बघून केस सारखे केले.

तपासणी केंद्रातले कल्याण सर मितभाषी माणूस. नमुना पास असो की नापास, चेहरा तोच. त्यांनी शीट उभी केली आणि मोजायला घेतली. चौदा. पंधरा. चौदा. सोळा. मी खिडकीतून दिसणाऱ्या गुलमोहराकडं बघत होते. आठव्या जागी एकोणीस. नवव्या जागी तेहतीस.

दोन तास फिरवून कोपरा आणखी उपाशी राहिला होता. 'जास्त फिरवून आनखी खालीच बसंल.' कानात कुणीतरी सुपाचा खडखडाट करतंय असं वाटलं.

"सॉरी मॅडम. तिसराही गेला," सर म्हणाले.

मी मान हलवली. रडू येत होतं आणि ते येतंय याचाच जास्त राग येत होता. मशीन आणलं असतं, माणसं आणली असती, उन्हातान्हात धावले असते. पण काळी पावडर माझं ऐकत नाही, याला काय करायचं?

"ती खालची कसली?" सरांनी विचारलं. दादांनी चांगली शीट टेम्पोत घासू नये म्हणून खाली कलामावशीची तेलकट शीट अंथरून दिली होती. ती तशीच आत आली होती.

"ती बिघडलेली आहे."

"पुढचा नमुना अर्ध्या तासानं आहे. बघू तरी." त्यांनी कापडानं तेल पुसलं आणि शीट उभी केली.

पंधरा. पंधरा. सोळा. पंधरा. पंधरा. मी उठून आकड्यांच्या पडद्याजवळ गेले. पंधरा. चौदा. पंधरा. नवव्या जागी, त्या मेल्या कोपऱ्यात, पंधरा.

सरांनी तो कोपरा पुन्हा मोजला. पंधरा. पहिल्यांदाच त्यांची भुवई हलली. "इतकी सारखी शीट मी क्वचित बघितली. कुणी केली?"

'मी' हा शब्द तोंडापर्यंत आला होता. खोटं कशाला सांगू? "आमच्याकडं एक बाई आहेत," मी म्हणाले.

"ही पास करता येणार नाही, तेल सुटतंय. पत्रा चिकटायचा नाही. पण समितीची बैठक महिनाअखेरीला आहे. अशीच सारखी आणि कोरडी शीट अठ्ठावीस तारखेपर्यंत आणा. चौथी मोजावी असं मी त्यांना लिहितो. त्यानंतर मात्र नाही." त्यांनी मोजणीचा फॉर्म पुढं केला. "करणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा."

मी 'कलाबाई' लिहिलं आणि पेन थांबलं. नवऱ्याचं नाव? आडनाव? अकरा वर्षं ती बाई आमच्या शेडमध्ये पावडर खात होती आणि मला तिचं आडनाव माहीत नव्हतं. मी तो फॉर्म चुरगळून पर्समध्ये टाकला.

येताना नगर सोडेपर्यंत टेम्पोत त्या शीटचा वास येत राहिला. मला आई आठवत होती. मे महिन्यात ओसरीवर गव्हाचा ढीग, आईच्या हातात एरंडेलाची वाटी, आणि मी शेजारी मांडी घालून दोन्ही हातांनी गहू चोळतेय. हाताचा वास आठवडाभर जायचा नाही. मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. मला ते येत होतं. शिकून शिकून मी ते पुसून टाकलं होतं.

तरी पुढचे दोन दिवस मी मावशीकडं गेले नाही. कशी जाणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी स्वतःच तेल मोजून करून बघितलं. किलोला वीस ग्रॅम घातलं, तेल सुटलं. पाच घातलं तर पावडरीच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या झाल्या. आधी पावडरीत तेल घातलं, चिखल. शनिवारी संध्याकाळी सहादेव म्हणाला, "ताई, तुमी किती बी मोजा. हात मावशीचा हाय." मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रविवारी सकाळी तिच्या घरी गेले. ती अंगणात ताडपत्रीवर गहू पसरून बसली होती. समोर तीच बाटली. मला बघून तिनं पाय सरकवून जागा केली, पण या-बस म्हणाली नाही. मी चप्पल काढून ताडपत्रीच्या कडेला बसले.

"मावशी, तुझी शीट मोजली त्यांनी. नऊच्या नऊ ठिकाणी सारखी आली."

"व्हय का." ती गहू चोळत राहिली.

"पण तेल सुटतंय. आणि कमी घातलं तर गोळ्या होतायत."

"भुकटीत तेल वतलं आसशील."

मी होय म्हणून मान हलवली.

"दान्याला लावायचं आस्तंय, भुकटीला न्हाई," ती म्हणाली. "आन् वाटीनं वतायचं न्हाई. आधी तळहाताला लावायचं, मग हातानं दान्याला. दाना निस्ता भिजल्यावानी झाला पायजे, वला न्हाई. मग वरून भुकटी भुरभुरायची. त्या दिशी मी वाटीनं वतलं, तिथं माझं चुकलं. तू यायच्या आत उरकायचं हुतं ना." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "चोळ."

मी हातावर एरंडेल घेतलं आणि गव्हात दोन्ही हात घातले. तोच वास आला, आईच्या ओसरीवरचा. थोड्या वेळानं म्हणाले, "मावशी, मी त्या दिवशी बोलले ते..."

"ऱ्हाऊ दे. चोळ तू. बुडातला तसाच ऱ्हायलाय बघ."

ती सोमवारी आली. मास्क खिळ्यावरच होता. पण ड्रमला हात लावायच्या आधी तिनं सगळ्यांसमोर जमिनीवर ताडपत्री अंथरली आणि मला म्हणाली, "बस." प्लॅस्टिकचा पन्नास किलो दाणा मी मांडी घालून चोळायला घेतला. नळीच्या मशीनवरची माणसं आज वळून बघत नव्हती, म्हणजे नीट बघत होती. ती स्टुलावर बसून सांगत होती, कडेचा घे, खालचा वर आण, हात आखडू नकोस. दोन तासांनी तिनं मूठभर दाणे उचलले, वर चिमूटभर पावडर टाकली, मूठ हलवली आणि उघडली. तिच्या तळव्यावर काळी भुकटी सुटी पडली होती.

"न्हाई धरली. परत कर," ती म्हणाली.

पाठ मोडली होती, मान अवघडली होती, आणि मला कुणालातरी फाडून खावंसं वाटत होतं. पण कुणाला खाणार? मी परत केलं. तिसऱ्या खेपेला पावडर दाण्याला चिकटून राहिली. मग मी तळहाताला एकूण किती तेल लागलं ते वजनकाट्यावर मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं. ते बघून ती पहिल्यांदा हसली. "मोज बाई, मोज."

शीट निघाली. कोरडी. पत्र्याचा तुकडा चिकटवून सहादेवनं पहारीनं उचकटून बघितला, निघेना. नवा फॉर्म भरताना मी विचारलं, "मावशी, तुझं पूर्ण नाव सांग. करणाऱ्याचं नाव लिहायचंय."

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "तीन येळा नापास झालं तवा कुनाचं नाव हुतं?"

"माझं."

"आन् आता चवथ्या येळंला माझं व्हय? म्हंजे बुडालं तर कलाबाईनं बुडवलं." मग जराशानं म्हणाली, "कलाबाई भीमराज साळवे. पन आत्ता लिव्हू नको. पास झालं तर लिव्ह."

अठ्ठावीस तारखेला तो रकाना कोरा ठेवून मी कल्याण सरांसमोर बसले. सरांनी मोजायला घेतलं. मी गुलमोहराकडं बघितलंच नाही, पडद्यावरची नजर हलवली नाही. पंधरा, पंधरा, चौदा, पंधरा. नववा आकडा पंधरा आला तेव्हा सरांनी लगेच शिक्का उचलला. "पास. नाव तेवढं लिहा."

मी ठळक अक्षरात लिहिलं, कलाबाई भीमराज साळवे. दार आमचं झालं होतं. नगरच्या त्या खोलीत जी कोणी बाई मशीनखाली झोपेल, ती संध्याकाळच्या आत नव्हे, दुपारच्या आत घरी पोचेल. आईला हे सांगता येत नाही म्हणून डोळे भरून आले, आणि तसेच भरल्या डोळ्यांनी मी पुढचा रकाना वाचला. 'शैक्षणिक पात्रता.'

मी मावशीला फोन लावला. मागं नळीच्या मशीनचा आवाज येत होता.

"मावशी, पास झालं!"

"झालं का? बरं झालं बाई." ती शेडमध्ये कुणालातरी ओरडून सांगत असल्याचं ऐकू आलं, पास झालं, पास झालं. मग पुन्हा फोनवर आली. "आन् माझं नाव?"

"लिहिलं. पूर्ण लिहिलं. त्याच्यापुढं शिक्षण लिहायचंय. किती शिकलीस तू?"

मशीनचा आवाज दूर गेला, ती शेडबाहेर आली असावी.

"तू म्हनली हुतीस की समद्यांपुढं," कलामावशी म्हणाली. रागानं नाही, आठवण करून दिल्यासारखं. "तेच लिव्ह."

तिनं फोन ठेवला. कल्याण सर शिक्का हातात धरून थांबले होते. "काय लिहायचंय, मॅडम?" त्यांनी विचारलं. मी पेन कागदाला टेकवलं आणि 'अडाणी' हा माझाच शब्द आठवत तशीच बसून राहिले.